आतले आणि बाहेरचे

बँकेत मी कॅशियर. म्हणजे दिवसाचे सहा तास जाळीच्या पिंजऱ्यात, आतून कडी लावून. चोर बाहेर राहावा म्हणून ही व्यवस्था. प्रत्यक्षात चोर मोकळा हिंडतो आणि अडकून पडतो तो मी. किल्ल्यांचेही तसेच असते, हे मला आमच्या भाच्यामुळे कळले.

भाचा पुण्याचा. पुणेकराला किल्ला डोंगरावरच लागतो. चंद्रपूरला आल्या आल्या त्याने विचारले, "मामा, इथला किल्ला कुठाय?" म्हटले, "बाळा, तू किल्ल्यातच चहा पितो आहेस!" आमचे जुने शहरच मुळी कोटात. सुमारे अकरा किलोमीटरचा तट. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. खिडकी म्हणजे धाकटा दरवाजा. त्यातल्या एकीचे नाव चक्क चोरखिडकी! चोरांची इतकी स्वतंत्र सोय आमच्या बँकेतही नाही.

जटपुरा दरवाज्यापाशी त्याने वर बोट दाखवले. "मामा, तो प्राणी कुठला?" ताडोबा जवळच, तेव्हा मी ठोकून दिले, "वाघ." शेजारचा पानवाला म्हणाला, "वाघ नाही जी साहेब, सिंह आहे. हत्तीवर चढलाय. गोंड राजाची निशाणी." अकरा वर्षे मी त्या दरवाज्यातून स्कूटर काढतो आहे. पण वर बघणार कधी? खाली खड्डे असतात.

त्या रात्री लाजेकाजेस्तव पुस्तके उघडली. पंधराव्या शतकातला खांडक्या बल्लाळशहा. अंगभर गळवे उठलेली. दंतकथा अशी की झरपटच्या पाण्याने तो बरा झाला. पुढे शिकारीत पाहतो तो काय, ससाच कुत्र्याच्या मागे लागलेला! राणी म्हणाली, ससा धावला त्या वाटेने कोट बांधा. राजाने बायकोचे ऐकले आणि शहर वसले. मी ऐकतो तेव्हा फक्त दळण येते. काम पुढच्या पिढ्यांनी पुरे केले. मुदतवाढ तेव्हाही मिळत असावी.

इथवर मी हसत वाचत होतो. १७५१ साली राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि शेवटचा राजा नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद झाला. किल्ला त्याच्याच पूर्वजांचा. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी चांद्याच्या तटाला भगदाड पाडले. राजवाड्याच्या जागी तुरुंग आला. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीकडच्या जंगलात इंग्रजांशी लढलेला गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके, त्याला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्याच तुरुंगात फाशी दिले. गोंड राजांच्या घरात, गोंड राजांच्या माणसाला! बाहेरच्यांना अडवायला उभारलेल्या भिंती आतल्यांनाच कोंडून बसल्या.

पुस्तक मिटले. झोप आली नाही.

२०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी शेकडो दिवस खपून या तटावरची झुडपे आणि कचरा काढला. मी तेव्हा इथेच होतो. पेपरात फोटो पाहिला, "छान" म्हटले आणि पान उलटले.

भाचा परत जाताना त्याला सोडायला निघालो. जटपुऱ्याखाली स्कूटर थांबवून मान वर केली. मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. "अहो, काय झालं?" कोणीतरी ओरडले.

"काही नाही," मी म्हटले, "सिंह बघतोय."