खिळे सोडताना
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

2024 च्या मार्चमध्ये आम्ही अब्बांचा छापखाना विकला. विकला म्हणायचं एवढंच. छापखाना 1999 सालीच बंद पडला होता. अब्बा गेले 2011 साली. मधली सारी वर्षं मिरजेतल्या आमच्या घराची खालची खोली कुलपात होती आणि आत एक ट्रेडल, कागद कापायचं यंत्र, खिळ्यांच्या केशी, ब्लॉकच्या पेट्या आणि छापलेल्या प्रत्येक कामाची एकेक प्रत, असा अब्बांचा संसार धूळ खात पडला होता. धाकट्या भावाच्या मुलाला तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं. मागणी रास्त होती, तरी मी तीन वर्षं टाळाटाळ केली. घरात मोठा मी, आणि मराठीत कविता करतो म्हणून हळवेपणाचा मक्ताही माझ्याकडेच.

आजच्या तरुण मंडळींना खिळा म्हटलं की भिंतीत ठोकायचा खिळा आठवेल. छापखान्यातला खिळा म्हणजे शिशाच्या बारीक कांडीवर उलटं ओतलेलं अक्षर. उंची एका इंचाला थोडी कमी. नुसतं शिसं मऊ पडतं, म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील. अँटिमनीमुळे खिळा कणखर होतो आणि निवताना आक्रसत नाही. कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यापर्यंत पोचतो, वेलांटीचं टोक तुटत नाही. असे शेकडो खिळे एकेक करून हातातल्या स्टिकमध्ये लावायचे, ओळी गॅलीत उतरवायच्या, पान झालं की दोरीनं करकचून बांधायचं. हे काम करणारा तो जुळारी. इंग्रजीला दोन केशी पुरत, मराठीला चार लागत. काना, मात्रा, जोडाक्षरं, रफार, सगळ्यांना आपापलं घर. कुठलं घर कुठं, हे बोटांना पाठ असावं लागे. बघून खिळा उचलणाऱ्याला अब्बा जुळारी म्हणतच नसत.

छापण्याच्या बाबतीत आमच्या मिरजेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अनंत काकबा प्रियोळकरांनी 1958 साली भारतातल्या मुद्रणावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यात ती हकीकत आहे. पुण्यात इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट होते, त्यांच्या काळात एका तांबट कारागिराला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरण्याची विद्या मिळाली. गीता छापावी असं नाना फडणविसांच्या मनात होतं. 1800 साली नाना गेले आणि काम राहिलं. मग तो कारागीर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाला आला आणि 1805 साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. त्याच 1805 साली तिकडे बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण सुट्या नागरी खिळ्यांनी छापून निघालं.

लहानपणी मला या दोन गोष्टींतला फरक कळत नव्हता. अब्बांनी तो एका वाक्यात सांगितला. पत्र्यावर कोरलेलं पान कायमचं पान राहतं, त्याचं दुसरं काही होत नाही. खिळ्यांचं पान मोडतं, आणि मोडतं म्हणूनच दुसरं पान होतं.

मोडण्याला आमच्यात ‘खिळे सोडणं’ म्हणत. छापून झालं की फर्मा धुवायचा, दोरी काढायची आणि एकेक अक्षर आपापल्या घरात परत टाकायचं. जुळवण्याइतकंच ते काम महत्त्वाचं. एक ‘ध’ चुकून ‘घ’च्या घरात गेला तर पुढच्या कामात कुणाच्या तरी घराचा धर व्हायचा. शाळेतून आलो की आम्हा दोघा भावांना हेच काम असे. अब्बांची त्यावर एकच सूचना, तीही आमच्या दखनीत : “जिसका घर उसकू.” हात काळे व्हायचे. घरात जाण्याआधी साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय अम्मी भाकरीला शिवू देत नसे. शिसं पोटात गेलं तर काय होतं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण एक म्हातारे जुळारी हाताच्या कापऱ्यानं गेलेले तिनं पाहिले होते.

श्रीरामपूरची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. 11 मार्च 1812 च्या संध्याकाळी तिथल्या छापखान्याला आग लागली. कागद गेला, हस्तलिखितं गेली, अनेक भाषांचे खिळे वितळून गेले. कॅरी त्या वेळी कलकत्त्यात होता. पण ढिगारा उपसल्यावर अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत निघाले. पंचानन कर्मकार आणि त्याचा जावई मनोहर या लोहारकाम जाणणाऱ्या माणसांची ती विद्या होती. मग राखेतून शिशाचे गोळे वेचले, पुन्हा वितळवले, आणि काही आठवड्यांत नवे खिळे पडू लागले. इतिहासात नाव कॅरीचं झालं. ते व्हावंही, पण ठसे कर्मकारांचे होते हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

आपल्याकडेही हीच तऱ्हा. 1831 साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर पंचांग काढलं. पुढे त्यांनी स्वतःचे खिळे पाडले. छापलेलं पुस्तक सोवळ्यात कसं चालेल, शाईत चरबी असते, अशी त्या वेळी लोकांची शंका. म्हणून शाईत तूप घातलं, असं सांगतात. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात खिळे घासायच्या कामावर लागलेले जावजी दादाजी 1869 साली निर्णयसागर छापखाना काढतात आणि तिथल्या संस्कृत पोथ्या देशभर प्रमाण मानल्या जातात. पोथी शुद्ध छापली की तिच्या शुद्धतेचा मान शास्त्र्यांना मिळतो. खिळे घासणाऱ्या पोराचा मान निदान या एका ठिकाणी तरी राहिला.

असो. अब्बांनी 1961 साली सांगलीतल्या एका बंद पडणाऱ्या छापखान्याचं सामान घेतलं. म्हणजे आमचा आरंभच कुणाच्या तरी निरवानिरवीतून झाला. वर्ष उलटतं न उलटतं तोच 1962 साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले. ‘करावें’, ‘होतें’, ‘नांव’ यांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मराठी मास्तरांना आनंद झाला असेल. अब्बांच्या केशीत मात्र मात्रा आणि अनुस्वार एकत्र ओतलेले किलोभर खिळे कायमचे बेकार झाले. त्यांनी ते वितळवले नाहीत, विकलेही नाहीत. बिस्किटाच्या एका डब्यात भरून ठेवले. कुणी विचारलं तर म्हणायचे, सरकारचं काय सांगावं, उद्या परत मागेल. तो डबा मार्चमध्ये जसाच्या तसा निघाला.

आणखी काय काय निघालं! लाकडी पट्टीवर जस्ताचा पत्रा ठोकलेले ब्लॉक : गणपती, कलश, पालखी, चाँदतारा, 786, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, निवडणुकीची बैलजोडी आणि गाय-वासरू. शादीची पत्रिका असली की एक बाजू मराठी, एक उर्दू. उर्दूचे खिळे आमच्याकडे नव्हते. नस्तालिकचा तो उतरता झोक खिळ्यांत सहसा बसतच नाही, म्हणून उर्दू शतकभर आणि वर शिळाछापावरच राहिली. कातिबाकडून मजकूर लिहून आणायचा आणि त्याचा ब्लॉक करून घ्यायचा. मराठी मजकूर त्याच संध्याकाळी सुटून पुढच्या पत्रिकेत जायचा, उर्दूचा ब्लॉक मात्र तसाच राहायचा. त्यामुळे चाळीस वर्षांतले गावातले कितीतरी निकाह आमच्या पेटीत जस्तावर उभे होते. त्यातली काही जोडपी आता हयात नाहीत. काहींची नातवंडं आमच्या गल्लीत क्रिकेट खेळतात.

आणि कागद. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत तारेत ओवून ठेवायची, ही अब्बांची सवय. दर्ग्यातल्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी संगीत सभा होते. खाँसाहेब 1937 साली गेले, त्यांची कबरही तिथंच आहे. त्या सभांची काही वर्षांची पत्रकं त्यात होती. सतारमेकरांची बिलबुकं होती. मिरजेतले सतार करणारे मूळचे शिकलगार, शस्त्रं घडवणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस सरल्यावर त्यांनी भोपळा आणि तारा हातात घेतल्या. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सर्वांना त्यांची आठवण झाली. ऐरणी, भाते, सहाणा सोडताना त्या लोकांना काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आमच्या बिलबुकात फक्त तंबोऱ्याची किंमत आहे.

पुण्याला दिनकर केळकरांचं संग्रहालय आपण पाहिलं असेल. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या या माणसानं अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, वज्र्या गोळा करण्यात जन्म घातला, आणि सात वर्षांच्या लेकाच्या, राजाच्या नावानं तो सारा संग्रह शासनाला देऊन टाकला. मला त्यांचा नेहमी हेवा वाटत आला. गोळा करण्याचा नाही, देताना त्यांचा हात थांबला नाही याचा. पण प्रत्येक खालच्या खोलीचं संग्रहालय होत नाही, हेही खरं. एका संस्थेला मी दोन पत्रं लिहिली. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं की जागा नाही. तक्रार नाही. जागा आमच्याकडे तरी कुठं होती?

मग वाटण्या सुरू झाल्या. ट्रेडलला गिऱ्हाईक लगेच मिळालं, याचं मला नवल वाटलं. अक्षरं छापायला त्याला आता कुणी विचारत नाही. पण पुठ्ठ्याच्या खोक्यांना घडीच्या रेघा पाडायला आणि आकार कापायला ते अजून चालतं. कुपवाडच्या एका खोकेवाल्यानं नेलं. कटिंग मशीन बाइंडरनं नेलं. लाकडी मोठ्या अक्षरांचे ठसे मुंबईहून आलेल्या कला महाविद्यालयाच्या दोन मुलींनी मागून नेले. त्यांनी ते नाकाशी धरून वास घेतला आणि माझा भाऊ हसू लागला. कागदांपैकी वाळवीनं ठेवलेले मी एका अभ्यासकाला दिले.

राहिले खिळे. चारशे किलोंच्या वर. भंगारवाला टेंपो घेऊन दारात उभा. बॅटरीच्या कारखान्यात शिशाला मागणी असते, असं त्यानं समजावलं. शिसं बदनाम धातू असला तरी वाया जात नाही.

शेवटची गॅली रॅकच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. सोडली तर आत दोरीनं बांधलेलं एक पान. उलटं वाचण्याची सवय अजून गेलेली नाही. पहिली ओळ वाचली आणि ती माझी होती.

1991 साली माझा पहिला संग्रह निघाला. अठ्ठेचाळीस पानांचा, अब्बांनी स्वतः जुळवलेला. एका वेळी आठ पानांपुरतेच खिळे आमच्याकडे होते. म्हणून चार पानं छापायची, सोडायची, पुढची जुळवायची, असं करत पुस्तक दोन महिन्यांत झालं. माझं बीए झालेलं होतं, नोकरी नव्हती. कवितांबद्दल अब्बा एक अक्षर बोलले नाहीत. फक्त एकदा चष्मा वर करून म्हणाले, “ओळी आखूड आहेत, स्पेस फार लागतो.” तेहतीस वर्षं मी ती गोष्ट विनोद म्हणून सांगत आलो होतो.

“विसरले असतील सोडायचं,” भाऊ म्हणाला. तसंही असेल. खिळ्यांची टंचाई असताना एक अख्खं पान अडकवून ठेवणारा माणूस अब्बा नव्हते. पण मी पान उजेडात धरलं आणि नीट वाचलं. कवितेत ‘च’ एकही नव्हता. ‘चंद्र’ नव्हता, ‘चूल’ नव्हती, जागेवर कोरे स्पेस बसवलेले होते. धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. लग्नसराईत सगळ्यात आधी संपतो तो ‘च’. प्रत्येक नवरदेव चि. आणि प्रत्येक नवरी चि. सौ. कां. म्हणजे दर सराईत अब्बा गॅली बाहेर काढत होते, दोरी सैल करून चिमट्यानं माझे ‘च’ उपसत होते, जागा बुजवत होते आणि पान पुन्हा बांधून ठेवत होते. भाऊही वाचून गप्प झाला.

ते पान तसंच घरी नेऊन काचेत ठेवावं, असं माझ्या मनात आलं होतं. भावानं दोरी ओढली. मी ओरडणार, तेवढ्यात त्यानं चार ओळी डाव्या तळव्यावर घेतल्या आणि उजव्या हातानं टाकायला सुरुवात केली. पंचवीस वर्षांनी. ‘र’ त्याच्या घरात, ‘त’ त्याच्या. बघतही नव्हता. मीही दुसऱ्या बाजूनं चार ओळी उचलल्या. माझा हात चुकत होता, त्याचा नाही.

भंगारवाला दारातून बघत होता. “अहो मामू, सगळं एकाच पोत्यात तर जाणार आहे.”

“पाच मिनिटं,” भाऊ म्हणाला.

पान संपायला वीस मिनिटं लागली. मग केशी एकेक करून पोत्यात उपड्या करताना तो एका घराशी थांबला आणि मला बोटानं दाखवलं. ‘च’चं घर काठोकाठ भरलेलं होतं.