भंडाऱ्याचे अपील आणि नागपूरचे उच्च न्यायालय

नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केले, तेव्हा भंडारा थेट कंपनीच्या अमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. मुंबईला १८६२ मध्ये उच्च न्यायालय मिळाले; नागपूरच्या वाट्याला मात्र न्यायिक आयुक्त आला. जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर सारा वसूल करी, गुन्हेगारांना शिक्षा देई आणि दिवाणी दावेही चालवी. मालगुजाराकडून, म्हणजे गावाचा सारा भरण्यास जबाबदार असलेल्या जमीनमालकाकडून, सारा घेणारा आणि मालगुजार-कुळाचा तंटा निवडणारा अधिकारी एकच असे. त्याच्या निकालावर आधी कमिशनरकडे आणि शेवटी न्यायिक आयुक्ताकडे दाद मागता येई. महसूल आणि न्याय यांची ही गुंफण पुढे टप्प्याटप्प्याने सुटत गेली.

९ जानेवारी १९३६ रोजी न्यायिक आयुक्ताच्या जागी नागपूर उच्च न्यायालय आले. सर गिल्बर्ट स्टोन पहिले मुख्य न्यायाधीश झाले. हेन्री मेड यांनी आराखडा केलेल्या घुमटाच्या इमारतीचे उद्घाटन १९४० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी केले. दर्जा वाढला, तरी रिट, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांना बांधणारा न्यायालयीन आदेश, काढण्याचा अधिकार तेव्हा मुख्यतः कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या जुन्या न्यायालयांपुरताच होता. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ने तो प्रत्येक उच्च न्यायालयाला दिला. आता भंडाऱ्याचा रहिवासी सरकारच्या हुकमाविरुद्ध थेट नागपूरला जाऊ शकत होता.

नंतर प्रांतांच्या सीमा हलल्या. १९५३ च्या नागपूर करारात, विदर्भ मराठी राज्यात आल्यास नागपुरात उच्च न्यायालयाचे पीठ राहील, असे ठरले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला गेले. नागपूरचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला तेथील पहिले मुख्य न्यायाधीश झाले. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि नागपूरच्या त्याच इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बसू लागले. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्याने ही व्यवस्था पक्की केली. किमान तीन न्यायाधीश नागपुरात बसतील, असे कलम ४१ सांगते. ज्या जिल्ह्यांचे खटले तेथे चालायचे, त्यांत भंडाऱ्याचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी दोन्ही जिल्ह्यांचे खंडपीठ नागपूरच राहिले.

न्यायालयाच्या स्वातंत्र्याची कसोटी आणीबाणीत लागली. स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते, अशी भूमिका घेणाऱ्या पीठांत नागपूरही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ही भूमिका फेटाळली, न्या. एच. आर. खन्ना यांचे मत वेगळे पडले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब होणार नाही, अशी तरतूद केली. १९७६ चा निकाल सर्वोच्च न्यायालयानेच २०१७ मध्ये मोडीत काढला.

जिल्हा न्यायालय आणि उच्च न्यायालय यांचे नाते खैरलांजी खटल्यात जवळून दिसते. मोहाडी तालुक्यातील या गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाच्या मंजुरीवाचून अमलात येत नाही, म्हणून कागद नागपूरला गेले. १४ जुलै २०१० रोजी खंडपीठाने दोषसिद्धी कायम ठेवली, फाशी मात्र रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला. अॅट्रॉसिटी कायदा या गुन्ह्याला लागू होत नाही, हे खालच्या न्यायालयाचे मतही कायम राहिले आणि त्यावर तीव्र टीका झाली.