प्रगतिपुस्तकातली रेघ

पोलंडात 1990 साली सरकारी शाळांत धर्माचा तास परत आला. ज्याला नको त्याने नीतिशास्त्र घ्यावं. पण मुलं पुरेशी जमली तर! एका अज्ञेयवादी घरातल्या मुलाला तो वर्ग मिळालाच नाही. वर्षानुवर्षं ‘धर्म/नीतिशास्त्र’समोर गुणांऐवजी नुसती रेघ. वेद प्रमाण न मानणाऱ्या आम्हा जैनांनाही दर्शनकारांनी नास्तिकांतच बसवलं, म्हणून ती रेघ मला जास्तच बोचते. कागद बोलतो हो! पाहणाऱ्याला लगेच कळतं, हा धर्माच्या तासाला न बसणारा. 2002 सालच्या तक्रारीवर 15 जून 2010 रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला; आपली श्रद्धा-अश्रद्धा उघड न करण्याचाही हक्क असतो, म्हणाले. तोवर पोराचं शाळेचं वय सरलं होतं.