विमा एजंट येत गेले, जात गेले

या समूहावर जुने वाडे, शाळा, गणपती यांच्यावर पुष्कळ लिहून झालं. आज जरा वेगळा विषय घेतो. ठाटीपूरच्या आमच्या दर्पण कॉलनीत काय किंवा लष्करात दौलतगंज, जीवाजीगंजात काय, असं मराठी घर क्वचितच सापडेल ज्यातल्या कुणीतरी कधीतरी विम्याची एजन्सी घेतली नव्हती. कुणाचे मेहुणे, कुणाच्या वहिनी, कुणाचा नोकरीच्या शोधातला भाचा. आणि दोन-तीन वर्षांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "छे हो, सोडलं केव्हाच!" इतके लोक येतात आणि इतके सोडतात, असं का? मी बँकेतला माणूस. जन्मभर कमिशनचे चेक माझ्या काउंटरवरून गेले. त्यामुळे हा हिशेब थोडा समजतो.

आधी थोडा इतिहास. विम्याच्या धंद्यात मराठी माणूस नवा नाही. साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली होती. त्या काळात कंपन्यांचे चीफ एजंट असत. ते आपल्या हाताखाली एजंट नेमत आणि त्यांच्या धंद्यावर वरचं कमिशन घेत. १९३८ च्या विमा कायद्याने एजंटला लायसन्स आलं, कमिशनला मर्यादा आली. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशी, परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली. तोवर देशमुख मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा देऊन मोकळेही झाले होते, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल.

चीफ एजंट गेले, पण पद्धत तीच राहिली. त्यांच्या जागी पगारी फील्ड ऑफिसर आले, त्यांनाच पुढे डेव्हलपमेंट ऑफिसर म्हणू लागले. त्यांचं काम एजंट शोधणं, शिकवणं आणि त्यांच्याकडून धंदा आणवणं. पगारवाढ आणि इन्सेंटिव्ह त्या धंद्यावर. म्हणजे जुना एजंट थंडावला की साहेबाला नवा शोधणं भागच.

आता कमिशनचा हिशेब बघा. त्या काळी कायद्याची कमाल मर्यादा पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के, पुढे ५ टक्के होती. लांब मुदतीच्या पॉलिसीवर बोनस कमिशन धरून एवढं मिळायचं. दहा हजारांच्या वार्षिक हप्त्यावर पहिल्या वर्षी साडेतीन हजार, मग साडेसातशे, मग पाचशे. पहिलं वर्ष भरघोस, पुढची वर्षं बारीक. ज्याची शंभर-दोनशे पॉलिसींची बैठक बसली त्याला ते बारीक कमिशनच पेन्शनसारखं पुरतं. पण ती बैठक बसायला दहा वर्षं लागतात, आणि तोवर घर कशावर चालवायचं, हे भरती करताना कुणी सांगत नाही.

भरती कशी व्हायची ते आठवा. साहेब घरी यायचे, चहा व्हायचा, मग वही पुढे करून म्हणायचे, "ओळखीच्या शंभर जणांची नावं लिहा." मामा, मावशी, शेजारी, ऑफिसातले मित्र. मंडळी, माझ्या मते सगळी मेख या यादीतच आहे. भरती माणसाची होत नव्हती, त्याच्या नातेवाइकांच्या यादीची होत होती. त्याला विकता येतं का, हप्ता न परवडणाऱ्याला नको म्हणता येतं का, हे दुय्यम. यादी संपेपर्यंत तो चालायचा. आणि मध्यमवर्गीय माणसाची यादी किती लांब असणार? वर्षाला किमान १२ जणांचा विमा आणायचा हा नियम. पहिल्या वर्षी घरचे, दुसऱ्या वर्षी कॉलनी, तिसऱ्या वर्षी लोक समोरून येताना रस्ता बदलायचे. मग एजन्सी बंद. साहेबांच्या हातात तोवर दुसऱ्या कुणाची यादी आलेली असायची.

त्यात आणखी एक गोष्ट. "पहिल्या हप्त्यातले किती परत देणार?" हा प्रश्न आपल्याकडे सर्रास विचारला जायचा. विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे अशी सूट देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे. पूर्वी दंड पाचशे रुपयांपर्यंत होता, २०१५ च्या दुरुस्तीने तो दहा लाखांपर्यंत नेला. पण नात्यात कायदा कोण काढतो! भाच्याने कमिशन मामाला परत दिलं तर भाच्याच्या हाती राहिलं काय? पेट्रोलचा खर्च.

सरकारी नोकराला एजन्सी घेता येत नाही, म्हणून कित्येकांनी ती बायकोच्या नावावर घेतली. सहीपुरत्याच एजंट. पण ओळखीतल्या एका वहिनींनी ते चित्र उलटं केलं. यजमानांची बदली झाली, मुलांच्या शाळेपायी त्या ग्वाल्हेरला राहिल्या आणि स्वतः काम बघू लागल्या. त्यांचा नियम एकच, हप्त्याची तारीख जवळ आली की आठवण करायला जायचंच. यादी संपल्यावर जुन्या पॉलिसीधारकांनीच त्यांना नवी गिऱ्हाईकं दिली. त्या पंचवीस वर्षं टिकल्या. बोलण्यात म्हणाल तर साध्या, पण पॉलिसी घेतलेल्याला त्यांनी कधी सोडलं नाही.

१९९४ साली मल्होत्रा समितीचा अहवाल आला, १९९९ मध्ये आयआरडीए कायदा झाला आणि २००० पासून खासगी कंपन्या उतरल्या. एजंटसाठी १०० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आली. २००७ मध्ये ते तास ५० वर आणले. त्याच सुमारास, २०००-०१ मध्ये, सरकारी बँकांत व्हीआरएस आली आणि सुमारे लाखभर लोक बाहेर पडले. नव्या कंपन्यांना तर घबाडच मिळालं. बँकेतला माणूस म्हणजे शेकडो खातेदारांची ओळख! आमचे कित्येक सहकारी "अ‍ॅडव्हायझर" झाले. हाती कार्ड, गळ्यात टाय. यादी पुन्हा तीच, फक्त लांब. मग युलिपची लाट आली. मार्च २०१० मध्ये देशात आयुर्विम्याचे जवळजवळ ३० लाख एजंट होते. १ सप्टेंबर २०१० पासून युलिपचे नियम कडक झाले, खर्चाला चाप बसला, आणि तीन वर्षांत हा आकडा २१ लाखांवर आला. नवे भरती होत असूनही एवढी घट, म्हणजे सोडणारे किती असतील याचा अंदाज करा.

एजंट गेला म्हणून पॉलिसी जात नाही. विम्याच्या भाषेत तिला अनाथ पॉलिसी म्हणतात. हप्त्याची आठवण करणारं कुणी नाही, पत्ता बदलला, वारसाचं नाव जुनंच राहिलं. पहिले दोन-तीन हप्ते भरून बंद पडलेल्या कितीतरी पॉलिसी लोक बँकेत घेऊन यायचे आणि विचारायचे, "साहेब, याचं काही मिळेल का?" बहुतेकांना फार थोडं मिळायचं. खरं नुकसान तिथे होतं. दुसरं नुकसान नात्यात. "तुझ्यामुळे पैसे बुडाले" हे वाक्य लग्नकार्यात कुजबुजलेलं मी ऐकलंय, आणि ज्याला बोलायचे तो बिचारा स्वतःच नाडला गेलेला असायचा.

सोडणाऱ्या एजंटचे काही हक्क मात्र होते. कलम ४४ प्रमाणे ठरावीक वर्षं सलग काम केलेल्याला एजन्सी सुटल्यावरही आधीच्या पॉलिसींचं कमिशन मिळू शकत असे. पण पुन्हा एजन्सी घेतली तर जुन्या धंद्याचं कमिशन मिळत नसे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने एलआयसीसाठी हा नियम बदलला आणि एजंटची ग्रॅच्युइटीची मर्यादाही ३ लाखांवरून ५ लाख केली. उशिरा का होईना, चांगलं झालं.

माझं म्हणणं एवढंच. आपल्या घरातल्या ज्यांनी एजन्सी सोडली त्यांना आपण धरसोडे म्हणत आलो, ते बरोबर नाही. यादी संपल्यावर माणूस उरणारच नाही, अशीच ती व्यवस्था होती. जे टिकले ते हिमतीवर टिकले. आता दिवाळीच्या साफसफाईत कपाटातल्या जुन्या पॉलिसी जरूर काढा, वारसाचं नाव आणि पत्ता तपासा. शाखेत जायला एजंट लागत नाही, पॉलिसी नंबर पुरतो. तुमच्या घरात कुणी एजन्सी केली असेल तर त्यांचा अनुभव खाली लिहा, विशेषतः सोडलेल्यांचा.