'ध'चा 'मा' : दोष कुणाचा?

'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आपण सगळ्यांनीच शाळेत 'वाक्यात उपयोग करा'पुरता शिकून सोडून दिलेला असतो. त्यामागची गोष्टही माहीत असते. ३० ऑगस्ट १७७३, ऐन गणेशोत्सव, पुण्याचा शनिवारवाडा. थकलेल्या पगाराचं निमित्त करून गारदी आत घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत गेले ते थेट काकांकडे. काका म्हणजे राघोबादादा त्याच वाड्यात, पुतण्याच्याच नजरकैदेत होते. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला. गारद्यांनी दोघांनाही कापलं.

राघोबांनी लिहिलं होतं 'धरावे', आनंदीबाईंनी केलं 'मारावे', अशी ती कथा. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातही ती आहे. पुढे अभ्यासकांनी या खाडाखोडीवर शंका घेतल्या, पण बाईंच्या कपाळावरचा शिक्का काही पुसला गेला नाही.

आमच्या मंडळाच्या मराठी शाळेत मी मोठ्या मुलांचा वर्ग घेतो. ही गोष्ट सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, "काका, पण 'धरावे' लिहिणं चालतं का?" प्रश्न बिनतोड होता. गादीवरच्या पेशव्याला पकडायला सशस्त्र गारदी पाठवायचे आणि वर रक्त सांडू नये अशी अपेक्षा ठेवायची! आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली हे दाखवणारी एक आज्ञा असते. तिचं नावच 'ब्लेम'. गंमत अशी, की ती शेवटचा हात दाखवते. मुळात तो प्रोग्रॅम लिहावा असं कुणाच्या मनात आलं, हे तिला ठाऊक नसतं. मला वाटतं, आनंदीबाईंच्या बाबतीत आपलं तेच झालंय.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' हे नाटक १९०९ सालचं. दोनच वर्षांपूर्वी सुरतेला काँग्रेस फुटली होती, टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. घरातलं भांडण कुठवर जातं हे त्या वेळच्या प्रेक्षकाला वेगळं सांगायला नको होतं. नाटकातली महत्त्वाकांक्षी आनंदीबाई पाहून 'मॅकबेथ'मधली बाई आठवते खरी. पण मला त्यात मोठे वाटतात ते रामशास्त्री. ते एका अक्षराचा कीस काढत बसत नाहीत. सत्तेवर बसलेल्या राघोबाला समोर ठेवून ते देहान्त प्रायश्चित्त सांगतात. इतिहासातल्या रामशास्त्री प्रभुण्यांनीही दोष राघोबांवरच ठेवला आणि पुणे सोडलं. राघोबांची सत्ता गेल्यावरच ते परत न्यायासनावर आले.

प्रायश्चित्त राघोबांनी घेतलं नाही. नारायणरावांच्या विधवा पत्नी गंगाबाईंना एप्रिल १७७४ मध्ये मुलगा झाला आणि बारभाईंनी त्या तान्ह्या सवाई माधवरावालाच पेशवा केलं. राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात (पुन्हा सुरतच!) त्यांनी साष्टी आणि वसई देऊ केली. त्यातून पेटलेलं युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. राघोबांच्या पदरात काय पडलं, तर कोपरगाव आणि तनखा. १७८३ च्या डिसेंबरात तिथेच ते वारले.

त्यांचा मुलगा बाजीराव जन्मला तो बाप पुण्याबाहेर, परागंदा असताना, आणि लहानाचा मोठा झाला पहाऱ्यात. ज्याला शनिवारवाडा म्हणजे बापाच्या नावाला लागलेला डाग, त्याने पुण्याच्या मुत्सद्द्यांवर विश्वास टाकायचा तरी कसा? होळकरांनी पुणे घेतलं तेव्हा तोही इंग्रजांकडेच धावला. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला, आणि १८१८ ला पेशवाई संपली. बाजीरावाच्या नादानपणावर आपण पुष्कळ हसतो, पण इंग्रजांच्या दाराची वाट वडिलांनीच मळून ठेवली होती.

आनंदीबाईंची वैधव्याची दहा वर्षं मुलांसह नजरकैदेत गेली. १७९४ साली त्या वारल्या. मुलगा पेशवा झाला तो त्यानंतर दोन वर्षांनी.