निळी गारगोटी

१२. मजकुरातील ‘निळी गारगोटी’ म्हणजे कॅव्हन्साइट हे खनिज. ही खरी गारगोटी नव्हे. गारगोटीने काचेवर चरा उठतो. कॅव्हन्साइटचे काठिण्य मोहस मापक्रमावर ३ ते ४, म्हणून यावरच चाकूचा ओरखडा उठतो. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकेट यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडले. प्रथम १९६७ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात सापडले. उत्कृष्ट नमुने मात्र पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतले. तेथे बेसाल्टच्या पोकळ्यांत, पांढऱ्या स्टिल्बाइटवर त्याचे गडद निळे, फुलासारखे पुंजके आढळतात. पेंटागोनाइट या दुसऱ्या खनिजाचे रासायनिक घटक आणि रंग कॅव्हन्साइटसारखेच. परंतु त्याचे स्फटिक अणकुचीदार असून जुळ्या स्फटिकांचा आडवा छेद पंचकोनी ताऱ्यासारखा दिसतो. — संपा.