दिव्याखालचा अंधार

बदलीच्या गावी नव्या निवासस्थानात पाऊल टाकले, की आम्हां नोकरदार मंडळींची नजर आपसूक छताकडे जाते. दिवा असतो, पण तो आपल्या मेजावर नसून पूर्वीच्या बिऱ्हाडाच्या पलंगावर लोंबत असतो. तो चार हात सरकवावा, हा विचार आज सहज सुचतो. मात्र ही मोकळीक माणसाला फार उशिरा लाभली.

तेलाच्या दिव्याची जागा हाताच्या पोहोचीने ठरत असे. वात सारावयाची, काजळी झाडावयाची, तेल घालावयाचे. म्हणून दिवा कोनाड्यात, नाही तर समईच्या रूपाने जमिनीवर. लामणदिवा साखळीला टांगला, तरी हात पुरेल इतक्याच उंचीवर. त्यातून ज्योत वर जाणारी आणि तेलाचे पात्र तिच्या खाली. तेव्हा तळाशी सावली ठरलेलीच. ‘दिव्याखाली अंधार’ ही आपली म्हण आज आपण नीतीच्या अर्थाने वापरतो. पण तिचा वाच्यार्थ या घडणीतच आहे.

छताशी दिवा नेणे ही श्रीमंतांची चैन होती. मोठे झुंबर दोरीने खाली उतरवावे, मेणबत्त्या लावाव्या आणि पुन्हा वर ओढावे, यासाठी पदरी माणसे लागत. वजनाचा प्रश्न आणखी निराळा. ग्वाल्हेरीस जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली उभारलेल्या जयविलास महालात दोन प्रचंड झुंबरे आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे ३.५ टन सांगतात. ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याच्या बळकटीची परीक्षा घेतली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यातील शहाणपण खरे आहे: दिवा टांगण्याआधी छताला विचारावे.

कलकत्त्याच्या रस्त्यांवर १८५७ साली गॅसचे दिवे आले. परंतु गॅसचा दिवा नळीला बांधलेला. नळी संपेल तेथेच त्याचे ठाणे. ही बेडी विजेने सैल केली. १८७९ साली कलकत्त्यातच विजेच्या दिव्याचे प्रात्यक्षिक झाले. १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे पाण्यापासून वीज निघू लागली. १९०५ साली बंगळूरचे रस्ते विजेने उजळले. विजेच्या गोळ्यास वात नाही, तेल नाही. उलटा टांगला तरी तो तसाच जळतो. आधार वर आणि उजेड खाली अशी उलटापालट झाली, आणि म्हणीतला अंधार जमिनीवरून उठून छताला जाऊन बसला.

जुन्या इमारतींत तारा लाकडी पट्ट्यांवरून उघड्या जात. पट्टी वाढविली की दिवा सरकला. पुढे काँक्रीटच्या छतात नळ्या पुरल्या जाऊ लागल्या आणि दिव्याची जागा छत ओतण्यापूर्वीच, राहणाऱ्याला न विचारता ठरू लागली. त्यातच खोलीचा मध्य पंख्याने बळकावला. पंख्याच्या पात्यांवर दिवा आला, तर खाली सावल्यांचा नाच सुरू होतो. म्हणून आपल्याकडे कितीतरी घरांत दिवा छत सोडून भिंतीवर गेला.

आज दिवा हलवावयाचा तर काम अवघड नाही, पण बेपर्वाईचेही नाही. सरकारी निवासस्थान असेल तर आधी परवानगी. मग मुख्य स्विच बंद, आणि काम जाणत्या तारतंत्र्याच्या हातून. वाढविलेल्या तारेचा जोड गिलाव्यात न गाडता उघडता येईल अशा पेटीत असावा. दिवा जड असेल तर त्याचा आकडा गिलाव्याला नव्हे, छताच्या काँक्रीटला धरलेला असावा. हत्तींची परीक्षा आता आकड्याने द्यावयाची आहे.

छतावरील जुनी भोके बुजवताना आम्हांस वाटते, की हाही एक दप्तरखानाच आहे. कोणी येथे मुलांना शिकवले, कोणी तेथे आजाऱ्याची उशी राखली. माणसे बदलून गेली. ती कोठे एकत्र बसत, हे मात्र त्या खुणा सांगतात. आपलीही एक खूण पुढच्या बिऱ्हाडास सापडेल. ती आपले कुटुंब जेथे जमत असे, तेथलीच असावी.